शेळीनं खाल्लेलं चक्र

११ मार्च १९७३, रविवार

ही वही विणकर सोसायटीचे सेक्रेटरी पंचाक्षरी यांनी जानेवारीत आम्हा सगळ्या विणकरांना वाटली. तेव्हापासून कोरीच पडली होती. सूत येत नाही म्हणून सोसायटीच्या मागांच्या शेडला कुलूप, माग बंद, आणि मी तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडते. त्यात लिहायचं काय? आज मात्र लिहायलाच पाहिजे, कारण आज मी भर बैठकीत तोंड वाजवून बसले.

बैठक विहारात होती, जयंतीची. नानासाहेब आमच्या जयंती मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "यंदा मिरवणूक न्हाय. सोलापूरची कमान आणायची ऐपत न्हाय, बत्त्या न्हाईत, बैलं चारा छावणीत गेलेत. चौदा एप्रिलला ज्यानं त्यानं आपल्या घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावावी, झालं." सगळ्या बाप्यांनी माना हलवल्या. माझं डोकं फिरलं. मागच्या साली गाडी वेशीतून न्यायला किती भांडावं लागलं. तालुक्याहून फौजदार आला, तेव्हा कुठं वरच्या आळीनं वाट दिली. यंदा खाडा पडला की पुढच्या साली ते म्हणणार, तुमचा रिवाज कुठाय? हे सगळं मी मागं बायकांत बसून तिथूनच बोलले.

नानासाहेब हसले. "मथुराबाई, रिकामी गाडी वेशीतून नेऊन हसं करून घ्यायचं का? गाडीवर ठेवण्याजोगं काय तरी दाखवा, मग निघू."

"दाखवते," मी म्हणाले.

काय दाखवणार, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. माझ्या सासूबाई, बनाबाई, त्यांना मी आत्या म्हणते, वाटभर काठी आपटत चालल्या. घरात आल्यावर म्हणाल्या, "जीभ लई लांब हाय तुझी. तिचीच कमान कर."

१३ मार्च

कामावरून येताना सोसायटीच्या हापिसात गेले. जुनी लुगडी असतील तर कमानीला गुंडाळू, असा विचार होता. पंचाक्षरी म्हणाले, गोदामाला सील आहे. काही द्यायचं नसलं की ते कानडीत "एन माडोदु" म्हणतात, म्हणजे काय करायचं. तसं म्हणाले आणि पंखा नसलेल्या छताकडं बघत बसले.

त्यांच्या भिंतीवर मुंबईच्या कुठल्या साहेबांनी दिलेलं एक चित्र आहे. लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांच्यावर दोरा ताणलेला, त्याचं शिडाचं जहाज. इथं एका हंड्यासाठी टँकरच्या मागं पळावं लागतं, आणि हे भिंतीवर जहाज लावून बसलेत. पण आज मी नाक लावून बघितलं. दोरा कुठंच तोडलेला नाही. एका खिळ्यावरून निघतो, लांबच्या खिळ्याला वळसा घालतो, परत येतो, पुढच्यावर जातो. सगळे दोरे सरळ, आणि बघताना मात्र शीड गोल फुगलेलं दिसतं. हे तर आमचंच काम. नुसता ताणा, म्हणजे उभे दोरेच आहेत, आडवा बाणा नाही.

जहाज होतं तर चक्र का व्हायचं नाही? धम्मचक्र. गाडीएवढं.

पंचाक्षरींनी मागाच्या खालची धूळ खाल्लेली पांढऱ्या सुताची एक लड दिली. म्हणाले, ही कुठल्या हिशेबात नाही, न्या.

१६ मार्च

एवढी मोठी फळी कुठं मिळायची? घरभर बघितलं. शेवटी नजर गोठ्याच्या दारावर गेली. चांगलं आंब्याच्या फळ्यांचं रुंद दार. बैल छावणीत, आत एकटी आत्यांची शेळी, हरणी. एका शेळीला दार कशाला हवं, दावं आहे की.

आमचे हे (नाव पिराजी. वहीत लिहिलं म्हणून काही त्यांचं आयुष्य कमी होत नाही) बोलत तर नाहीतच, पण ऐकतात. मी दार दाखवलं, त्यांनी ते बिजागरीतून उचललं, दोरीनं गोल आखलं आणि करवत घेतली. आत्या ओट्यावरून ओरडल्या, "अगं, शेळी कुठं कोंडू?" मी म्हणाले, दाव्याला बांधा. त्या म्हणाल्या, "ती दावं चावती." मी म्हणाले, मग दोन दावी बांधा.

शेळीवर त्यांचा फार जीव. दुधाशिवाय त्यांना चहा चालत नाही. काळा चहा म्हणजे मेल्या माणसाच्या घरचा, असं म्हणतात.

२० मार्च

खिळे नालबंद चाचांनी दिले. बैलांच्या खुरांना नाल मारायचे चपट्या डोक्याचे खिळे, पत्र्याच्या डब्यात गंजत होते. म्हणाले, "ले जा बेटी. बैलच न्हाईत तर नाल काय माझ्या पायाला मारू?"

झेंड्यावरच्या चक्राला चोवीस आरे असतात. गोलाचे चोवीस सारखे भाग करायचे कसे, ह्यावर दोन दिवस अडले. शाळेत सातवीपर्यंत कंपास होता, आता कुठला? मग आठवलं, ताणा मोजताना आम्ही काय करतो? कडेभोवती सूत फिरवलं, तेवढंच तोडलं, त्याची निम्मी घडी, तिची निम्मी, परत निम्मी, आणि शेवटची तिहेरी. घड्यांवर कोळशानं खुणा केल्या, सूत परत कडेवर बसवलं. बरोबर आलं. माझं मलाच हसू आलं, एकटीच हसत होते. आत्यांनी ह्यांना विचारलं, "हिला ऊन लागलंय का?"

२४ मार्च

नालाचे खिळे खरबरीत. दोरा ताणला की घासतो, घासला की तुटतो. तीनदा उकललं. शेवटी मागावर करतो तेच केलं, सुताला खळ दिली. खळीशिवाय ताणा टिकत नाही, हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही ठाऊक आहे. ज्वारीचं पीठ कुठलं आणायचं? रेशनवर मिळते ती लाल मिलो दळलेली होती, तिचीच पेज शिजवून सूत बुडवलं. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नाही, पण खळ झकास झाली. दोरा तारेसारखा कडक.

आत्या पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "खायचं पीठ दोऱ्याला पाजती." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या पुढं म्हणाल्या, "ह्याचा वास सुटतोय गं." सुटू दे की. खळीला वास असतोच.

३१ मार्च, शनिवार

चक्र झालं. खरंच झालं. मधल्या तुंब्यापासून कडेपर्यंत आरे, आणि आऱ्यांच्या मधून दोऱ्याची जाळी, एकातून एक गोल उमलत गेलेली. अंगणात भिंतीला टेकवून मी लांब जाऊन बघितलं, मग जवळ येऊन बघितलं. हे कामावरून आले, बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे राहिले. एवढं बोलणं त्यांनी लग्नातही केलं नव्हतं.

उद्या सकाळी नानासाहेब बघायला येणार. शेवटची खळ ओली आहे, म्हणून रात्री अंगणातच वाळत ठेवते.

१ एप्रिल

हरणीनं खाल्लं.

सकाळी उठले तर शेळी चक्रापुढं उभी, आणि तोंडातून दोरा लोंबतोय. ती ओढतेय, खिळा सुटतोय, ती चघळतेय. निम्मं चक्र गेलं होतं आणि उरलेल्या निम्म्याची लाळ झाली होती. मी धावले तर दोरा तोंडात घेऊनच पळाली, म्हणजे उरलेलंही उलगडत गेलं.

तेवढ्यात दारात नानासाहेब, बरोबर मंडळाची दोन माणसं. "जय भीम मथुराबाई, दाखवा बघू," म्हणाले. मी काय दाखवणार? शेळीकडं बोट दाखवलं. ती माणसं तोंड फिरवून हसली. नानासाहेब हसले नाहीत, ते जास्त लागलं. "राहू द्या," म्हणाले, "मी मेणबत्त्या सांगून ठेवतो."

ते गेल्यावर मी आत्यांना वाट्टेल ते बोलले. दावं नीट बांधलं असतं तर हे झालं नसतं. तुम्हाला मुळात हे नकोच होतं. त्या म्हणाल्या, "दार असतं तर दावं कशाला लागलं असतं?" म्हातारपणी माणसं काहीही बोलतात.

घरात कोपऱ्यात बसून रडले. लिहायला लाज वाटते, पण रडले.

३ एप्रिल

आत्यांनी रुसून हरणीला परंड्याला माझ्या नणंदेकडं पाठवून दिलं. त्या बाजूला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी, मला न विचारता. आणि आता माझ्यासमोर बसून काळा चहा पितात, मुद्दाम आवाज करून. मला खिजवायला, दुसरं काय? माझ्याजवळ सूत नाही, दिवस नाहीत, भांडायला काय उरलंय?

४ एप्रिल

आज आत्या तलावाच्या कामावर आल्या. त्यांचे गुडघे धरलेत, त्यांना कामावर कुणी घेत नाही. तरी काठी टेकत आल्या आणि दिवसभर एकेका बाईच्या शेजारी जाऊन बसल्या. मी खडी फोडत लांबून बघत होते. बायका माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावायच्या. गावभर माझी अब्रू काढायची राहिली होती, ती आज काढली.

संध्याकाळी मी विचारलं, "काय सांगत फिरत होता?"

"खरं तेच," म्हणाल्या, आणि पाय चोळत बसल्या.

५ एप्रिल

तोंड धुऊन येते तर ओट्यावर मालनबाई. मागावर माझ्या शेजारी बसायची ती. हातात चिंधीत गुंडाळलेला सुताचा गुंता. मागून कापड कापलं की ताण्याची टोकं उरतात, त्यांना आम्ही दशा म्हणतो. त्या ज्याच्या मागाच्या, त्याच्या मालकीच्या. बायका त्या जपून ठेवतात, वाकळ शिवायला, पोरींच्या वेण्यांना. मालनबाईनं कैक वर्षांच्या दशा माझ्या पुढ्यात टाकल्या.

"हे कशाला?"

"आत्या म्हणाल्या, सून येडी झालीया, थोडंथोडं सूत द्या, न्हाय तर गावाला खाईल."

तिच्या मागं आणखी एक, तिच्या मागं आणखी. कामावर जायच्या आधी ओटा भरला. लाल, पिवळं, पांढरं, काठाचं हिरवं. शरणम्मा तर वरच्या आळीची, लिंगायत, सोसायटीत कांड्या भरायची. तिनं पण आणलं. म्हणाली, "आमच्या सासऱ्याला सांगू नका." इतके बोटभर तुकडे जोडायचे म्हणजे किती गाठी. पण विणकरणीची गाठ अशी असते की खिळ्यावरून सरकते आणि दिसत नाही. मालनबाई म्हणाली, "गाठी आमी मारतो. तू नुसतं ताण."

आत्या आत बसून काळा चहा पीत होत्या. आवाज करून.

८ एप्रिल, रविवार

कामाला सुट्टी. सगळा ओटा बायकांनी भरला. मला सगळं चक्र निळं हवं होतं, म्हणून धुण्याची नीळ खळीत घातली. पांढरं निळं झालं, पिवळं हिरवं झालं, लाल जांभळं झालं. मी कपाळाला हात लावला. वाळलं तसं मालनबाई म्हणाली, "मोराचा पिसारा झालाय गं." मी नीट बघितलं. वाईट नव्हतं.

खळ परत मिलोचीच, दुसरं पीठ नाही. मी पातेलं चुलीवर ठेवलं तशा आत्या उठून आल्या. बियाण्याला लावायचं कडूजहर मोरचूद त्यांनी गाडग्यात ठेवलेलं होतं, यंदा पेरणीच झाली नाही. त्यातलं मूठभर खळीत टाकलं. "शेळीच काय, आता उंदीर बी तोंड लावायचा न्हाय," म्हणाल्या. टोमणाच होता. पण मोरचूद टाकायचं माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून आम्ही मागाच्या खळीत टाकतोच की.

१० एप्रिल

हे रोज कामावरून येऊन गोठ्यात काहीतरी ठोकत बसतात. विचारलं तर म्हणतात, "काय न्हाय." काय नाही तर एवढी ठोकाठोक कशाची? इथं माझा दोरा ताणायचा चाललाय, आणि ह्यांना भलतंच सुचतंय.

१२ एप्रिल

झालं. पहिल्यापेक्षा चांगलं झालं, हे मला कबूल करावं लागतं. पहिलं नुसतं पांढरं होतं.

ह्यांची ठोकाठोक कळली. गाडीच्या पुढच्या बाजूला त्यांनी उभा खांब बसवलाय, आणि त्यावर आमच्या आटलेल्या विहिरीवरच्या मोटेचं चाक. चक्र त्या चाकावर बसवलं. मागून दोरी ओढली की चक्र फिरतं. त्यांनी ओढून दाखवलं. रंग एकमेकांत शिरले, मधला गोल आत आत जायला लागला, आणि नानासाहेब माझ्या मागं कधी येऊन उभे राहिले ते मला समजलंच नाही.

त्यांनी स्वतः दोरी एकदा ओढून बघितली. मग म्हणाले, "गाडी ओढायची कुणी? बैलं छावणीत हाईत."

"आमी ओढू," मालनबाई म्हणाली. "खडीच्या पाट्या ओढतोच की."

नानासाहेबांनी खिशातून मेणबत्त्यांचा पुडा काढून माझ्या हातात दिला. "ह्या आता गाडीवर लावा," म्हणाले.

दोरी ओढायला कोण बसणार, हा प्रश्न होता. आत्या म्हणाल्या, मी बसते. गुडघे दुखतात, चालवत नाही, म्हणून गाडीत बसायला मिळेल, हा हिशेब. मी म्हटलं बसा.

१४ एप्रिल, शनिवार

जुवानं खांदा सोललाय, तरी लिहिते.

संध्याकाळी विहारात त्रिसरण झालं आणि गाडी निघाली. पुढं बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या मागं चक्र, कडेनं मेणबत्त्या. जू बायकांनी खांद्यावर घेतलं. थोड्या वेळानं बाप्यांना शरम वाटली असावी, ते पण लागले. लेझीम नाही, बँड नाही, एक हलगी. चक्र फिरत होतं, मेणबत्त्यांच्या उजेडात दोरे झळकत होते, आणि बघता बघता बाजूच्या भिंती फिरल्यासारख्या दिसत होत्या.

वेस आली. वरच्या आळीचे लोक दोन्ही बाजूंना उभे होते. मागच्या साली इथंच "लवकर काढा, लवकर काढा" चाललं होतं. सगळ्यांत पुढं वीरप्पा किराणावाले, शरणम्माचे सासरे, हात वर करून. मला वाटलं, अडवली.

"थांबवा की जरा," ते म्हणाले. "आमच्या घरातल्या बायका माडीवरनं बघतात, त्यांना दिसंना."

गाडी थांबली. मागच्या साली ज्यांना आम्ही निघून जायला हवे होतो, त्यांनी आज आम्हाला थांबवलं. माडीवर शरणम्मा होती, ती आपल्या जावेला बोटानं एक जांभळा आरा दाखवत होती. तिच्या दशांचा होता तो. पंचाक्षरी पण गर्दीत होते. ते शेजारच्याला सांगत होते, आमच्या सोसायटीचं काम आहे, मी स्वतः सूत दिलं. द्या म्हणावं, आणखी द्या.

वीरप्पा गाडीभोवती फिरून आले. "हे फिरतंय कशावर? इंजन बसवलंय का?"

चक्राच्या मागून आत्यांनी डोकं बाहेर काढलं. घामानं कुंकू नसलेलं कपाळ चमकत होतं, दोन्ही हातांना दोरीनं फोड आलेले. विहारापासून वेशीपर्यंत त्यांनी चक्र एकदासुद्धा थांबू दिलं नव्हतं. आत्ता गाडी थांबली होती, तरी दोरी ओढतच होत्या.

"मी हाय इंजन," म्हणाल्या.

लोक हसले. वीरप्पांनी विचारलं, "आन केलं कुणी, बनाबाई?"

"माज्या सुनेनं." सगळ्या वेशीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पहिलं असं गोड केलं व्हतं की शेळीनं खाल्लं. म्हणून हे कडू केलं. आता टिकतंय."

मी जुवाखाली मान घालून उभी होते. ते बरं झालं, माझं तोंड कुणाला दिसलं नाही. मालनबाईला दिसलं. ती म्हणाली, "रडतीस काय, ओढ."

आम्ही ओढलं. गाडी वेशीतून पार झाली.

१७ एप्रिल

चक्र विहारात टांगलं. पुढच्या साली वेशीजवळ गाडी किती वेळ थांबवायची, ह्यावर नानासाहेबांनी आत्ताच बैठक बोलावली आहे. मला पुढं बसायला सांगितलंय.

आज एस.टी.नं नणंद आली आणि हरणीला घेऊन आली. आत्या तिच्या गळ्यात हात घालून बसल्या, शेळीच्या, लेकीच्या नाही. नणंद मला म्हणाली, "वहिनी, आईनं कसला निरोप धाडला व्हता ठाऊक हाय का? चक्र हुईस्तवर हिला तिकडंच ठेव, माझा चहा मरू दे." मी धार काढली, चहा केला, पातेल्यातलं सगळं दूध त्यात ओतलं आणि कप आत्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय."

गोठ्याला दार नाही. ते आता विहारात आहे, आणि तिथून ते काढायचं म्हटलं तर आत्या मला घराबाहेर काढतील. तेव्हा संध्याकाळी शेळीला दावं मीच बांधलं. दोन गाठी मारल्या.